पांढरा घाट

गॅसवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाला होता, तो मध्येच थांबला आणि आमच्या जेवणाच्या टेबलाकडे बघत राहिला. जेवणाचं टेबल हे आपलं म्हणायला. त्याच्यावर आता प्लायवूडची आठ बाय चारची फळी पसरलेली असते आणि आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो. फळीवर एक डोंगर आहे, फ्रिजच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवून उभा केलेला. डोंगरात कापलेली बोगद्यांची तोंडं, त्यांतून बाहेर येणारे तीन रूळ. बस. रंग नाही, माती नाही, गवताची काडी नाही. सगळं पांढरंफटक. "ताई, हा कर्जतचा घाट ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणायच्या आत त्याने सिलिंडर खाली उतरवला, बोट शर्टाला पुसलं आणि डोंगराच्या पायथ्याशी, रुळाच्या खालच्या अंगाला टेकवलं. "इथं आमचं घर. जांबरुंगला." मग सिलिंडर आत नेऊन ठेवला, वॉशर तपासला, माझ्या मोबाइलवर आलेला कोड घेतला आणि चपला घालता घालता म्हणाला, "साहेबांना चांगलाच नाद दिसतोय." "साहेबांना नाही, मला," असं मी जिन्यात वाकून ओरडले, पण तोवर तो खालच्या मजल्यावर पोचला होता.

त्या दिवशी मला पुढचं काम करवेना. बोट जिथे टेकलं होतं तिथे थर्माकोलला नखाची बारीकशी खूण उमटली होती, तिच्याकडेच लक्ष जायचं. या डोंगराचे फोटो मी कितीतरी जणांना पाठवले होते. भावाला, मावसबहिणींना, ऑफिसातल्या दोघीतिघींना. सगळ्यांनी अंगठे दाखवले होते, "वा, किती पेशन्स गं तुला" असं लिहिलं होतं, आणि जवळजवळ प्रत्येकाने "पूर्ण झालं की बघायला येणार हं" अशी एक ओळ जोडली होती. हा कुठला घाट, असं कुणी विचारलं नव्हतं. आणि इथे एक माणूस, खांद्यावर चौदा किलोचा गॅस आणि त्याहून जड असं लोखंड घेऊन, नुसत्या आकारावरून ओळखतो. तीन रूळ शेजारी शेजारी आणि प्रत्येकाचा बोगदा वेगळा, वर नागफणी सुळक्याचं नाक. एवढं त्याला पुरलं. लहानपणापासून ज्याने ते खालून वर मान करून बघितलं असेल, त्याला रंगाची गरज काय?

छोट्या आगगाड्या करायच्या आमच्या या छंदात भागाकार फार करावा लागतो. मी ज्या मापात काम करते त्यात खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची असते. आपला जुना निळा डबा साधारण सव्वाएकवीस मीटर लांब, तो माझ्याकडे साडेचोवीस सेंटिमीटरचा. चोवीस डब्यांची पुरी गाडी जोडली तर जवळजवळ सहा मीटर होते, तेवढा आमचा हॉलच नाही; म्हणून माझी एक्स्प्रेस सहा डब्यांची. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तरी तीनशे बावीस मीटर उरतात, म्हणजे घाट आमच्या फाटकातून बाहेर पडून रिक्षा स्टँडच्याही पुढे जाईल. चढ साडेपाचशे मीटरच्या वर. तो प्रामाणिकपणे करायचा तर कर्जत माझ्या टेबलावर आणि लोणावळा दोन मजले वर, कुणाच्या तरी देवघरात. तेव्हा लांबी दाबायची, वळणं आवळायची, बोगद्यांतले दोन-तीन ठेवायचे आणि बाकीचे पोटात घालायचे. एक चढ तेवढा मी दाबला नाही. खऱ्या घाटात सदतीस मीटर गेलं की गाडी एक मीटर वर येते. माझ्याकडेही सदतीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. बाकी सगळं खोटं असलं तरी इंजिनाला धाप लागते ती खरी.

आणखी एक खोटेपणा आहे, तो या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असतो आणि सहसा कुणी बोलून दाखवत नाही. बाजारात तयार मिळतो तो रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा. तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाला सत्त्याऐंशीने भागून आलेला. आपला रूळ १६७६ चा, तो एकोणीस मिलिमीटरच्या वर यायला हवा. म्हणजे आपली ऐसपैस, ठसठशीत पाय रोवून उभी असणारी गाडी माझ्या टेबलावर जरा पाय जुळवून उभी असते. फरक तीन मिलिमीटरचाही नाही, पण एकदा दिसला की दिसतच राहतो. काही लोक स्वतः रूळ ओढतात, पितळेच्या पट्ट्या डाग देऊन, रुळाखालचे आडवे स्लीपर कापून. मी तेवढी शूर नाही. शिवाय डोळ्यांचा नंबर वाढतोय.

एक सेंटिमीटरमध्ये, आडव्या लांबीच्या हिशोबाने, माझ्या फळीवर घाटाचा शंभराहून जास्त मीटरचा तुकडा मावतो. म्हणजे त्याच्या बोटाखाली अख्खी वाडी आली होती. घर करायचं म्हटलं तर मात्र ते सत्त्याऐंशीच्या मापाने करावं लागणार, म्हणजे काडेपेटीपेक्षा मोठं, आणि ते तिथे बसवलं की शेजारची सगळी घरं, विहीर, शाळा, देऊळ त्याच्याखाली गडप. एका घरासाठी वाडी उठवावी लागते.

लहानपणी असले प्रश्न पडायचे नाहीत, कारण तेव्हा माप हीच गोष्ट नव्हती. आमच्या चाळीच्या मागच्या बाजूला दिवाळीत किल्ला व्हायचा. दादा आणि त्याची टोळी बांधायची, मी घमेल्यातून माती वाहायची. दगडविटांवर पोती, पोत्यांवर चिखल, चिखलात अळीव. चार दिवसांत हिरवं व्हायचं. वर सिंहासनावर महाराज, ते दरवाजापेक्षा उंच. पायथ्याशी मावळा, मावळ्याच्या दुप्पट वाघ, आणि तळ्यात आरशाच्या तुकड्यावर प्लास्टिकची बोट. कुणाच्यातरी आत्याने दिलेलं विमानही एका वर्षी बुरुजावर उतरलं होतं. यात काही चुकतंय असं एकाही माणसाने म्हटल्याचं आठवत नाही. मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण, दूधवाला, पोस्टमन, समोरच्या वाड्यातले आजोबा, उभा राहून काहीतरी सुचवून जायचा. चोरदरवाजा इकडून काढा. भुयारात पणती ठेवा. पाण्याचा पाइप तिकडून आणलात तर कारंजं उडेल. किल्ला पुरा व्हायचा तो नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, आणि पुरा झाला की त्यातली मजा संपायचीच. भाऊबीजेला आमच्यातलं कुणी त्याच्याकडे फिरकायचं नाही. मांजर वरून चालत जायचं.

माझी आगगाडी मला वाटतं तिथूनच निघालेली असणार. मध्ये बराच काळ ती यार्डात उभी होती, नोकरी, लग्न, लेकीच्या शाळा. पुण्याला नणंदेकडे गेलो असताना लेकीला घेऊन कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात गेले, तेव्हा ती पहिल्यांदा हलली. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून केलेलं ते शहर १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. आम्ही गेलो तेव्हा खोलीत अंधार केला, छोट्या छोट्या खिडक्यांमधून दिवे लागले, आणि आजूबाजूची मुलं एकदम गप्प झाली. लेकीला ते आवडलं आणि ती विसरली. मला दिसत होते ते त्या दिव्यांमागचे तार, म्हणजे दिसत नव्हते, पण कुठून ओढले असतील याचा विचार थांबत नव्हता. परतीच्या गाडीत खंडाळ्याच्या पुढे मी खिडकीला डोकं लावून बोगदे मोजत बसले. लेकीने विचारलं, "आई, तू काय पुटपुटतेयस?"

गाड्या करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. घरातल्यांना तुमच्या हौसेचं कौतुक असतं, पण तिचा तपशील ऐकायला त्यांच्यापाशी वेळ नसतो. आणि हौस म्हणजे तर तपशीलच. खडी घालायची रीत घ्या. बारीक चाळणीने चाळलेली वाळू दोन स्लीपरच्या मध्ये सुक्या कुंचल्याने बसवायची, मग पाण्याचा हलका फवारा, मग निम्मा फेव्हिकॉल आणि निम्मं पाणी यांचं मिश्रण ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर फेव्हिकॉल वाळूवर मण्यांसारखा गोळा होऊन बसतो, आत उतरत नाही. रात्रभर वाळलं की सकाळी बोटाने चाचपून बघायचं: दगड. त्या सकाळी मला इतका आनंद झाला होता की चहा टाकायच्या आधी मी नवऱ्याला हात धरून आणलं आणि म्हटलं, दाबून बघ. त्याने दाबलं. "पक्कं आहे," तो म्हणाला, आणि पेपर उचलला. बिचाऱ्याने आणखी काय म्हणावं? वीतभर खडीच होती ती. पण माझं पोट भरलं नाही, आणि मी त्या खडीचा अगदी जवळून फोटो काढला आणि आगगाड्या करणाऱ्यांच्या ओळखीच्या एका मंडळाला पाठवला, ज्यांना साबणाच्या थेंबाचं मोल ठाऊक आहे. लगेच उलट प्रश्न: वाळू कुठली? नदीची की बांधकामाची? काळी का नाही? तेवढ्यावर अर्धी सकाळ गेली.

तिथूनच दुसरी भानगड सुरू झाली. मी फोटोसाठी काम करायला लागले.

झाडं लावायची ती मोबाइल धरते त्या बाजूला. स्टेशनच्या इमारतीची पुढची भिंत, तिच्यावरची पाटी, पाटीवरचा पिवळा रंग, सगळं चोख. मागची भिंत म्हणजे कोरा माउंटबोर्ड, जाड पुठ्ठा. आमच्यातल्या एकाने त्याच सुमारास टर्नटेबल, म्हणजे इंजिनाचं तोंड फिरवायची चकती, फिरवून दाखवलं, चाकं, दात, छोटी मोटर, सगळं घरी केलेलं. मी "अप्रतिम!" असं लिहिलं आणि संध्याकाळभर उदास होते. दुसऱ्याची प्रगती बघून उत्साह येतो असं म्हणतात, येतोही, पण त्याच्या आधी पोटात काहीतरी कडवट हलतं ते कुणी सांगत नाही. मग मीही घाईघाईने एक धबधबा केला. तो फोटोत छान दिसला. प्रत्यक्षात तो सेलोटेपचा दिसतो, कारण तो सेलोटेपचाच आहे.

फोटो आणि खेळातली आगगाडी यांचं नातं जुनं आहे. कॅलिफोर्नियात माँटेरेला जॉन ॲलन नावाचा एक गृहस्थ होता, पेशाने छायाचित्रकार. त्याने आपल्या घराच्या तळघरात डोंगर उभे केले, जमिनीपासून छतापर्यंत, आणि त्यांतून रेल्वे नेली. काम चालू असतानाच तो त्याचे फोटो काढून अमेरिकेतल्या मासिकांना द्यायचा. कडेकपारी, पूल, मोडकळीला आलेली गावं, आणि गंमत म्हणून डबे ओढायला इंजिनाच्या जागी एक डायनासोर. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी हा छंद धरला तो त्या फोटोंकडे बघत. रंग उडालेल्या, गंजलेल्या गाड्या करायच्या, नुसत्या चकचकीत नाहीत, हे पुष्कळांनी त्याच्याकडूनच उचललं. १९७३ च्या जानेवारीत तो हृदयविकाराने गेला आणि जेमतेम दहा दिवसांत घराला आग लागून रेल्वेचा बहुतेक भाग जळाला. एवढ्या वर्षांचं काम, शेवटचे रूळ जोडत आलेले. राहिले ते फोटो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अर्धवट भिंतींबद्दलची लाज थोडी कमी झाली, आणि थोडी वाढलीही, कारण त्याच्या डोंगराला मागची बाजूही होती.

गंज करण्यावरून आठवलं. याला वेदरिंग म्हणतात, म्हणजे गाडी उन्हापावसात चालल्यासारखी दिसायला हवी. बाहेरून मागवलेला नवा कोरा डबा, त्याची खरी किंमत घरात सांगायची हिंमत नाही, आणि मी कापसाच्या बोळ्याने त्याला गेरू आणि काजळी फासत बसलेली. आई त्या वेळी आमच्याकडे राहायला आली होती. तिने चष्मा पुसून दोनदा बघितलं. "नवीन आणायचं आणि मळवायचं? आमच्या वेळी उलटं असायचं." पण बसली शेजारी. थोड्या वेळाने म्हणाली, "संडासाच्या खिडकीखाली पांढरे ओघळ असतात बघ, ते तू काढलेच नाहीस. आणि दाराशी पानाच्या पिचकाऱ्या." सगळी हयात व्ही.टी.ला उतरून नोकरी केलेली बाई. तिच्या सांगण्यावरून केलेला तो डबा माझ्याकडचा सगळ्यात खरा डबा आहे.

आणि "साहेबांना नाद" याबद्दलही थोडं. मला त्याचा राग आला नाही, सवय आहे. दुकानात रूळ जोडायच्या क्लिपा मागितल्या की मुलाचं वय विचारतात. पुण्यात तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेले की गणपतीच्या माळा दाखवतात. पण हे माझं आहे, मी केलंय, असं ओरडून सांगावंसं वाटणं ही काही फक्त बायकांची तऱ्हा नाही. रॉड स्टुअर्ट या गायकाने वीसहून जास्त वर्षं खपून अमेरिकेतलं एक अख्खं शहर रेल्वेसकट उभारलं. दौऱ्यावर असतानाही हॉटेलात या कामासाठी वेगळी खोली घ्यायचा. २०१९ साली एका इंग्लिश मासिकात त्याचे फोटो आले. रेडिओवरच्या निवेदकाने सहज म्हटलं की हे काही त्याने स्वतः केलं नसणार. तर या जगप्रसिद्ध म्हाताऱ्याने रेडिओला फोन लावला आणि नव्वद टक्के माझ्या हातचं आहे म्हणून ठणकावलं. विजेचं काम तेवढं दुसऱ्याकडून करून घेतल्याचं मान्य केलं. मी जिन्यात ओरडले, त्याने फोन लावला. एवढाच फरक.

खऱ्या घाटाचीही एक बाई आहे. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने बोरघाटाचं काम घेतलं आणि १८५९ मध्ये हिंदुस्थानात पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, सामान बांधून परत जायच्याऐवजी कंत्राट स्वतःकडे ठेवलं, दोघा इंजिनियरांना कामावर नेमलं आणि घाट पुरा करून दिला. १८६३ मध्ये गाड्या वर चढल्या. शिवाय तिने चालू कामाचे फोटो काढले. त्या काळच्या काचा, रसायनं, अंधाऱ्या पेट्या आणि भोवती सह्याद्री. हजारो माणसं त्या डोंगरात खपत होती आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने मरत होती. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. अर्ध्या कापलेल्या कड्याकडे बघून तिला काय वाटत असेल हे मला सांगता येणार नाही. पण पुऱ्या झालेल्या घाटाचा फोटो कुणीही काढेल. मधल्या कामाचा फोटो काढावासा वाटतो तो माणूस रोज तिथे जात असला पाहिजे.

हे सगळं डोक्यात चालू असताना मी रंगाला हात लावला नव्हता. कारण रंग द्यायचा म्हणजे ऋतू ठरवायचा, आणि तिथे माझं घोडं अडलं होतं. बाजारात तयार मिळणारं गवत जर्मनीतल्या वसंताचं असतं, गोड, एकसारखं हिरवं. झाडं सुईच्या पानांची. सह्याद्रीला ते काहीच चालत नाही. एप्रिलमधला घाट करायचा तर जळका तपकिरी, वणव्याचे काळे पट्टे आणि मध्येच पांगाऱ्याचा लाल. जुलैत करायचा तर अर्धा घाट ढगात, आणि ढग कशाचा करायचा? कापसाचा ढग कापसासारखाच दिसतो. शेवटी भाद्रपद धरला: ओला काळा कातळ, त्यावर आडव्या थरांच्या रेघा, उतारांवर पिवळी सोनकी. भुसा रंगवून तिची फुलं करता येतात. कारवीचा जांभळा मोह होतो, पण ती सात वर्षांनी फुलते, आणि माझा वेग बघता ते जमूनही जाईल.

घर मी त्याआधी केलं. माउंटबोर्डच्या भिंती, वर कौलं, कौलांसाठी खोक्याचा नालीदार कागद. नखाच्या खुणेवर बसवलं. खाली वाडी गेली, इलाज नव्हता. पुढचा सिलिंडर घेऊन तोच आला तेव्हा मी दारातच सांगितलं, बघा. त्याने वाकून बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, "कौलं नव्हती ताई. पत्रा होता. आणि दारात चिंच." फोटो काढू का, असं विचारून त्याने मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे गावी आईला पाठवला. मी त्याला पाणी देईपर्यंत त्याच्या आईचा फोन आलाही. त्याने तो स्पीकरवर ठेवला. बाईंचं म्हणणं, दार चुकीच्या बाजूला आहे. दार गाडीकडे नव्हतं, गाडीकडे गोठा होता, गाडीच्या शिट्टीने म्हैस दूध चोरायची म्हणून नंतर तो हलवला. आणि बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिन, माघारी जाताना त्याचा ड्रायव्हर हात करायचा. आणि पावसाळ्यात रुळाच्या कडेने येताना डोक्यावर इरलं असायचं, ते दाखवलंय का? मी कागदावर लिहून घेत होते. सिलिंडर अजून दारात होता, खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ज्या मावसबहिणी पूर्ण झालं की येणार आहेत त्यांना मी या घराचा फोटो पाठवला, तर "क्यूट" असं आलं. रंगवून, सजवून, काच लावून ठेवलेल्या घराबद्दल त्या बाई बोलल्या असत्या का, की त्यांनीही छान आहे म्हणून सोडून दिलं असतं? म्हशीचं काही कळलं नसतं, एवढं नक्की.

घर उचकटलं. चिकटवलेलं नव्हतंच फारसं.

गेल्या रविवारी आमच्या मंडळातले काही जण फळ्या घेऊन आले. प्रत्येकाने आपापला तुकडा करायचा आणि टोकाला रूळ ठरलेल्या उंचीवर आणायचा, म्हणजे एकमेकांना जोडता येतात, असं ठरलेलं असतं. जोडताना कळतं की ठरलेली उंची प्रत्येकाची वेगळी. फळ्यांखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवत, रुळांची टोकं कानशीने घासत दुपार झाली. कल्याणच्या एकाने कसारा केला आहे, तर त्याची गाडी थळघाटातून निघून थेट बोरघाटात शिरली. भूगोलाचे मास्तर असलेले एक सदस्य आहेत, त्यांना ते बघवेना. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. माझ्या घाटाला बँकर लावून बघायचं हा खरा बेत होता. कर्जतला मागून इंजिन लागतं, वड्याचा घास संपायच्या आत मागून तो सौम्य धक्का बसतो, तो सगळ्यांच्या पाठीला पाठ आहे. पण टेबलावर तो धक्का सौम्य राहत नाही. जुन्या पद्धतीच्या विजेवर रुळावरच्या सगळ्या इंजिनांना एकच दाब मिळतो, आणि दोन इंजिनं एकाच दाबाला एकाच वेगाने पळतील याची काही हमी नाही. मागचं जास्त पळालं की मधले डबे वळणावर उपसून बाहेर. म्हणून ज्यांनी प्रत्येक इंजिनात वेगळी चिप बसवून वेगळा हुकूम सोडायची सोय केली आहे, अशा एकाचा कंट्रोलर आणला होता. पुढे त्याचं डिझेल, मागे माझं. दोघांचे वेग जुळवता जुळवता आमटी दोनदा गरम करावी लागली.

गाडी चढली. पहिला बोगदा पार झाला. दुसऱ्याच्या तोंडाशी, अगदी वळणावर, आईने सांगून केलेला डबा उचलला गेला आणि आडवा झाला, आणि सगळे एकदम बोलायला लागले. वळण फार आवळलंय. नाही, चाकं आत आलीत. कपलिंग खाली लोंबतंय. मास्तर गॅलरीतून आत आले आणि त्यांनी डबा तळहातावर घेऊन तोलून बघितला. "हलका आहे," ते म्हणाले. अमेरिकेतल्या आमच्यासारख्या छंदवाल्यांच्या संघटनेचा जुना दंडक आहे, एक औंस अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे एवढ्या डब्याला एकशे साठ-पासष्ट ग्रॅम तरी हवेत. आमच्याकडे तोलायला काही नव्हतं. कुणी म्हणालं आत नटबोल्ट भर, कुणी म्हणालं नाणी चिकटव, आणि कसारेवाल्याने स्वतःच्या खिशातली दोन नाणी काढून दिलीही. ती घातली तर डबा उभा राहिला, पण एका बाजूला झुकला. वजन मध्यावर आणि खाली हवं, यावर जेवताना एकमत झालं. किती हवं यावर झालं नाही. पुढच्या रविवारी मास्तर स्वयंपाकघरातला काटा घेऊन येणार आहेत.